'टु सर्व्ह मॅन' : श्लेष, प्रकरण आणि माध्यमांतर

१. प्रास्ताविक

साहित्यकृतीचे दूरचित्रवाणीसाठी होणारे रूपांतर हा विषय आपल्याकडील मराठी विभागांत प्रायः कादंबरी आणि तिच्यावर आधारलेली मालिका यांच्या तुलनेपुरता मर्यादित राहतो. या तुलनेत कथानकातील कोणते प्रसंग घेतले, कोणते वगळले, कोणती पात्रे नव्याने आणली याची यादी होते, आणि 'मूळ कृतीला न्याय मिळाला की नाही' असा एक निवाडा देऊन चर्चा संपते. ज्या कृतीचा सारा डोलारा एका शब्दावर उभा आहे, अशा कृतीचे माध्यमांतर झाले तर काय होते, हा प्रश्न त्यामुळे फारसा उपस्थित होत नाही. प्रस्तुत लेखात अशा एका कृतीचा विचार करावयाचा आहे. ती म्हणजे डेमन नाइट या अमेरिकन लेखकाची 'टु सर्व्ह मॅन' ही विज्ञानकथा आणि तिच्यावरून 'द ट्वायलाइट झोन' या मालिकेसाठी तयार झालेला त्याच नावाचा भाग.

विज्ञानकथेची निवड करण्याचे कारण स्पष्ट करणे आवश्यक आहे. विज्ञानकथा म्हणजे यंत्रे, अवकाशयाने आणि भविष्यातील शोध, अशी एक ढोबळ समजूत आहे. या कथेत अवकाशयान आहे, परग्रहवासी आहेत. पण तिचा खरा विषय भाषांतर हा आहे. एका परक्या भाषेतील पुस्तकाचे शीर्षक माणसे वाचतात, त्याचा अर्थ लावतात आणि त्या अर्थावर विसंबून आपले भवितव्य दुसऱ्याच्या हाती देतात. भाषा आणि साहित्य यांच्या अभ्यासकाला याहून जवळचा विषय क्वचितच सापडेल.

२. मूळ कथा

डेमन नाइट (१९२२–२००२) यांची ही कथा 'गॅलक्सी सायन्स फिक्शन' या मासिकाच्या नोव्हेंबर १९५० च्या अंकात प्रसिद्ध झाली. पुढे २००१ मध्ये पूर्वलक्षी ह्यूगो पुरस्कारांत १९५० मधील उत्कृष्ट लघुकथा म्हणून तिचा गौरव झाला. आकाराने ती अगदी लहान आहे.

कथेचा निवेदक संयुक्त राष्ट्रसंघातील भाषांतरकार आहे. पृथ्वीवर कानामिट नावाचे परग्रहवासी उतरले आहेत. दिसायला ते काहीसे डुकरासारखे आणि काहीसे माणसासारखे. राष्ट्रसंघापुढे येऊन ते अमर्याद ऊर्जा, विपुल अन्न आणि युद्धापासून मुक्ती देऊ करतात. मोबदला काहीच मागत नाहीत. त्यांच्या हेतूविषयी शंका घेतली जाते तेव्हा त्यांच्यापैकी एकजण असत्यशोधक यंत्राच्या चाचणीला सामोरा जातो आणि तो खरे बोलत असल्याचे सिद्ध होते. निवेदकाचा सहकारी ग्रिगोरी मात्र साशंकच राहतो. निरपेक्ष परोपकारावर त्याचा विश्वास नाही. कानामिटांच्या दूतावासात शिरकाव करून घेऊन हे दोघे त्यांची भाषा शिकू लागतात आणि एक पुस्तक मिळवतात. शीर्षकाचा उलगडा होतो : मानवाची सेवा कशी करावी. ग्रिगोरीची शंका फिटते. निवेदक रजेवर जाऊन परत येतो तेव्हा ग्रिगोरी भयाने पांढरा पडलेला असतो. त्याने पुस्तकाचा पहिला परिच्छेद वाचलेला आहे. ते पुस्तक पाककृतींचे आहे, हे त्याचे उद्गार म्हणजेच कथेचा शेवट.

इंग्रजीतील 'सर्व्ह' या क्रियापदाला सेवा करणे आणि पानात वाढणे असे दोन अर्थ आहेत. सारी कथा या द्व्यर्थावर उभी आहे. तथापि तिला केवळ विनोदी कलाटणीची कथा म्हणणे अन्यायाचे होईल. कानामिटांचे रूप डुकरासारखे योजण्यात नाइट यांनी दुहेरी काम साधले आहे. एक म्हणजे, डुकराचे मांस खाणाऱ्या मानवाला खाणारे डुक्कर भेटते, हा उलटा न्याय. दुसरे काम अधिक सूक्ष्म आहे. कानामिट कुरूप असल्यामुळे त्यांच्याविषयी वाटणारा संशय हा केवळ बाह्यरूपावरून बनलेला पूर्वग्रह आहे, असे सुसंस्कृत मनाला वाटते आणि ते मन स्वतःचा संशय स्वतःच दडपून टाकते. खरी सूचना डोळ्यांसमोर असताना वाचक तिला असभ्य समजून बाजूला सारतो.

३. दूरचित्रवाणीवरील भाग

'द ट्वायलाइट झोन' ही मालिका अमेरिकेत सीबीएस वाहिनीवरून १९५९ ते १९६४ या काळात प्रसारित झाली. तिच्या एकूण १५६ भागांपैकी ९२ भागांचे लेखन मालिकेचा निर्माता आणि निवेदक रॉड सर्लिंग (१९२४–१९७५) याने स्वतः केले. 'टु सर्व्ह मॅन' हा तिसऱ्या पर्वातील भाग २ मार्च १९६२ रोजी प्रसारित झाला. पटकथा सर्लिंगची आणि दिग्दर्शन रिचर्ड एल. बेअर यांचे. मायकेल चेंबर्स या नायकाची भूमिका लॉइड बॉक्नर यांनी, तर त्याची सहकारी पॅट हिची भूमिका सुझन कमिंग्ज यांनी केली आहे. सात फुटांहून उंच असलेले रिचर्ड कील कानामिटाच्या भूमिकेत आहेत. त्यांना आवाज मात्र जोसेफ रस्किन यांचा आहे.

सर्लिंगने केलेले बदल चार ठळक गटांत मांडता येतील.

पहिला बदल निवेदकाच्या स्थानाचा. कथेतील निवेदक पृथ्वीवर आहे आणि शेवटच्या क्षणापर्यंत सुरक्षित आहे. चेंबर्स आरंभापासूनच अवकाशयानातील एका खोलीत बंदिस्त आहे. त्याला जेवण्याचा आग्रह होतो, तो ते नाकारतो आणि मग घडून गेलेली हकीकत सांगू लागतो. कथेत शेवट म्हणजे ज्ञानाचा क्षण आहे, तर येथे ज्ञान आरंभीच झालेले आहे आणि प्रेक्षक त्याच्या कारणाकडे मागे नेला जातो.

दुसरा बदल पात्ररचनेचा. ग्रिगोरीसारखा तत्त्वतः साशंक असणारा माणूस येथे नाही. पुस्तकाचा उलगडा करण्याचे श्रेय पॅटकडे गेले आहे आणि चेंबर्स हा, काम उरले नाही म्हणून पुस्तक बाजूला ठेवणारा माणूस झाला आहे. हा बदल वरवर किरकोळ वाटला तरी त्यामुळे दोषाची जागा बदलते. ग्रिगोरी शंका घेऊन चुकीच्या पुराव्याने समाधान पावतो, तर चेंबर्स समृद्धीमुळे आळसावतो.

तिसरा बदल परग्रहवासीयांच्या रूपाचा. डुकरासारख्या प्राण्यांऐवजी लांब झगे घातलेले, भव्य कपाळाचे, केशहीन, नऊ फूट उंचीचे पुरुष येथे दिसतात. ते तोंड उघडत नाहीत, त्यांचा आवाज मात्र सभागृहात उमटतो. या बदलाने मूळ कथेतील उलटा न्याय नाहीसा झाला, हे मान्य करावे लागते. पण त्याच्या जागी काही आले आहे. ओठ न हलवता बोलणारा हा उंच पुरुष धर्मगुरूसारखा, किंबहुना देवदूतासारखा भासतो. नाइट यांच्या वाचकाचा संशय त्याच्या सभ्यतेमुळे मावळतो, सर्लिंगच्या प्रेक्षकाचा संशय आदरामुळे मावळतो.

चौथा बदल पुस्तकाच्या वाचनपद्धतीचा आहे. तो आपल्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा असल्यामुळे त्याचा विचार स्वतंत्रपणे पुढे केला आहे.

येथे भाषेविषयी एक बारकावा नोंदवावासा वाटतो. नाइट यांच्या कथेत या प्राण्यांचे एकवचन 'कानामा' असून 'कानामिट' हे अनेकवचन आहे. म्हणजे परक्या भाषेला तिचे स्वतःचे व्याकरण आहे, याची खूण लेखकाने एका शब्दाच्या रूपातून ठेवली आहे. दूरचित्रवाणीवर 'कानामिट' हेच एकवचन होते आणि त्याला इंग्रजीचा अनेकवचनी प्रत्यय लागतो. परकी भाषा इंग्रजीच्या व्याकरणात मुरवली जाते. रूपांतरात भाषेचे परकेपण कसे ओसरते, याचे हे लहानसे पण बोलके उदाहरण आहे.

४. श्लेषाचे स्वरूप

या कृतीतील द्व्यर्थाला आपण सहज 'श्लेष' म्हणतो. पण भारतीय काव्यशास्त्राच्या कसोट्या लावून पाहिल्यास प्रश्न वाटतो तितका सरळ राहत नाही.

शब्दालंकार आणि अर्थालंकार यांच्यात भेद करण्यासाठी मम्मटाने पर्यायशब्दाची कसोटी मान्य केली आहे. एखादा शब्द काढून त्याच्या जागी समानार्थी शब्द ठेवला असता अलंकार नाहीसा होत असेल, तर तो शब्दाश्रित. टिकत असेल, तर अर्थाश्रित. 'सर्व्ह' या शब्दाच्या जागी साहाय्य करणे या अर्थाचा दुसरा इंग्रजी शब्द ठेवा, किंवा अन्न मांडणे या अर्थाचा शब्द ठेवा, दोन्ही वेळा द्व्यर्थ नष्ट होतो. अर्थात हा शुद्ध शब्दश्लेष आहे. शब्द बदलणे त्याला सोसत नाही.

येथूनच खरी अडचण सुरू होते. पुस्तकाचे मूळ शीर्षक इंग्रजीत नाही. ते कानामिटांच्या भाषेत आहे. शब्दबदल न सोसणारा श्लेष एका भाषेतून दुसऱ्या भाषेत आला कसा? भाषांतर म्हणजे तर सर्वच शब्दांची परिवृत्ती. याची दोनच उत्तरे संभवतात. कानामिटांच्या भाषेतील शब्दालाही योगायोगाने नेमके हेच दोन अर्थ असावेत, हे पहिले. दुसरे असे की, मूळ शीर्षकात द्व्यर्थ नव्हताच. ते स्वच्छपणे पाककृतींच्या पुस्तकाचे शीर्षक होते आणि दुसरा अर्थ इंग्रजी शब्दाच्या निवडीतून निर्माण झाला.

दुसरे उत्तर स्वीकारले तर कृतीचे स्वरूपच पालटते. कानामिटांनी कोणालाही फसवलेले नाही. त्यांनी आपल्या पुस्तकावर त्याचे खरे नाव छापले होते. श्लेष त्यांचा नाही, तो भाषांतरकाराचा आहे. त्याने नकळत निर्माण केलेल्या संदिग्धतेतून स्वतःला हवा तो अर्थ त्याने उचलला. नाइट यांच्या कथेत ही शक्यता बळकट आहे, कारण तेथील पात्रे शब्दकोशाच्या आधाराने काम करतात, आणि शब्दास शब्द देणारा कोश अर्थाच्या छटा सांगतोच असे नाही. असत्यशोधक यंत्राच्या चाचणीचाही उलगडा याच दिशेने होतो. कानामिट खरेच बोलत होता. मानवाला सुखी आणि धष्टपुष्ट करण्याचा त्याचा हेतू प्रामाणिक होता. प्रश्न कोणी विचारला नाही तो इतकाच, की कशासाठी?

५. प्रकरण : अर्थाचा नियामक

अनेकार्थी शब्दाचा कोणता अर्थ घ्यावयाचा हे कशावरून ठरते, याची चर्चा भर्तृहरीने 'वाक्यपदीया'त केली आहे. संयोग, विप्रयोग, साहचर्य, विरोध, प्रकरण इत्यादी नियामक त्याने सांगितले आणि पुढे आलंकारिकांनी ते स्वीकारले. त्यांपैकी 'प्रकरण' म्हणजे प्रसंगाचा संदर्भ. याचे परंपरेने चालत आलेले उदाहरण 'सैंधव' या शब्दाचे आहे. जेवताना सैंधव मागितले तर मीठ आणावे, प्रवासाला निघताना मागितले तर घोडा आणावा. शब्द तोच, प्रकरण वेगळे.

'टु सर्व्ह मॅन' या कृतीचे वर्णन, जेवणाचे प्रकरण प्रवासाच्या प्रकरणाच्या वेषात आणले गेले, असे करता येईल. राष्ट्रसंघातील भाषण, फुललेली वाळवंटे, बरखास्त झालेल्या सेना, कानामिटांच्या ग्रहावरील सहलीसाठी लागलेल्या रांगा, यांनी मिळून असे प्रकरण उभे केले की 'सर्व्ह' या शब्दाचा सेवा हाच अर्थ शक्य व्हावा. खोटे विधान एकही नाही. लबाडी शब्दात नाही, प्रकरणाच्या रचनेत आहे.

या ठिकाणी दूरचित्रवाणीचे सामर्थ्य दिसून येते. छापील कथेत प्रकरण वाक्यांनी उभे करावे लागते. पडद्यावर ते दृश्यांनी उभे राहते आणि त्याच दृश्यांत दुसऱ्या अर्थाचे सूचनही दडवता येते. या भागातील सर्वांत प्रभावी प्रसंग माझ्या मते शेवटची कलाटणी नसून त्याआधीचा आहे. सहलीला निघालेले प्रवासी आनंदाने अवकाशयानाकडे चालले आहेत आणि यानात चढण्यापूर्वी एक कानामिट प्रत्येकाचे वजन करून घेतो आहे. प्रवासाच्या प्रकरणात वजन करणे स्वाभाविक आहे. विमानप्रवासात सामानाचे वजन होतेच. म्हणून पहिल्यांदा पाहताना ही कृती लक्षातही येत नाही. दुसऱ्यांदा पाहताना तोच वजनकाटा खाटकाच्या दुकानातील होतो. चित्रचौकट एक आणि प्रकरणे दोन. शब्दश्लेषाला समांतर असा हा दृश्यश्लेष आहे, आणि विशेष म्हणजे तो भाषांतरावर मुळीच अवलंबून नाही. इंग्रजी न जाणणाऱ्या प्रेक्षकालाही तो भिडतो.

कलाटणीवर संपणाऱ्या कृतींविषयी एक रास्त आक्षेप घेतला जातो. शेवट कळला की चमत्कार संपतो आणि कृती पुन्हा वाचावीशी वाटत नाही. या आक्षेपाला या भागाने दिलेले उत्तर म्हणजे हा वजनकाटा होय. पहिल्या दर्शनात चमत्कार आहे, दुसऱ्या दर्शनात भयानक रस आहे; कारण दुसऱ्या वेळी प्रेक्षकाला सर्व ठाऊक असते आणि रांगेतील हसऱ्या माणसांना काहीच ठाऊक नसते.

६. लिपिवाचन की भाषांतर?

आता चौथ्या बदलाकडे वळू. कथेत कानामिटांची भाषा 'शिकली' जाते, तर दूरचित्रवाणीवर तिची 'फोड' केली जाते. चेंबर्स आणि पॅट हे सरकारच्या सेवेतील सांकेतिक लेखनाचे जाणकार आहेत. राष्ट्रसंघाच्या सभागृहात कानामिटाने मागे ठेवलेले पुस्तक त्यांच्या हाती येते आणि गुप्त संदेश उलगडावा त्याप्रमाणे ते उलगडण्याचा प्रयत्न होतो.

शास्त्रीय दृष्ट्या हा भागातील गंभीर दोष आहे. सांकेतिक लेखन म्हणजे ज्ञात भाषेवर चढवलेले आवरण. ते दूर केले की खाली ओळखीचे शब्द सापडतात. अज्ञात भाषेच्या बाबतीत आवरणाखाली काहीच ओळखीचे नसते. तेथे पाय ठेवावयास ज्ञात भाषेचा, निदान ज्ञात नावांचा आधार लागतो. १७९९ मध्ये सापडलेल्या रोझेटा शिलालेखावर ग्रीक मजकूर होता म्हणूनच शांपोलियाँला १८२२ मध्ये चित्रलिपीचा मार्ग सापडला. जेम्स प्रिन्सेपने १८३७ च्या सुमारास ब्राह्मी लिपी वाचली ती प्राकृत आणि संस्कृत या परंपरेने जिवंत ठेवलेल्या भाषांच्या बळावर. सिंधू लिपी सर्वमान्य रीतीने आजही वाचली गेलेली नाही, याचे एक मोठे कारण द्विभाषिक लेखाचा अभाव हेच आहे. केवळ एका पुस्तकाच्या आधारे, कोणत्याही समांतर मजकुराविना, चेंबर्सच्या सहकाऱ्यांना कानामिटांच्या शीर्षकाचा अर्थ लागावा हे असंभवनीय आहे. त्यातून इंग्रजी शब्दाचा श्लेषही हाती यावा, हे तर त्याहून असंभवनीय.

सर्लिंगने हा बदल का केला असावा? पंचवीस मिनिटांच्या अवधीत भाषा शिकण्याची दीर्घ प्रक्रिया दाखवणे कठीण, हे एक कारण संभवते. पण त्यामागे काळाचाही संस्कार दिसतो. १९६२ चे जग शीतयुद्धाचे होते. परक्याचे लेखन म्हणजे शत्रूचा गुप्त संदेश आणि त्याचा अर्थ लावणे हे सैनिकी काम, ही धारणा त्या वातावरणाशी सुसंगत आहे. नाइट यांचा भाषांतरकार परक्याच्या घरी राहून त्याची भाषा आत्मसात करतो, तर सर्लिंगचा तज्ज्ञ आपल्या कचेरीत बसून ती फोडतो. एकाचे अपयश भाषिक आहे, दुसऱ्याचे प्रशासकीय. सेना बरखास्त झाली, सांकेतिक कचेरीला काम उरले नाही, आणि म्हणून पुस्तकाची उरलेली पाने न वाचता पडून राहिली.

येथे दोष आणि गुण एकमेकांत गुंतलेले आहेत. लिपिवाचनाची कल्पना असंभवनीय असली तरी शीर्षक समजणे आणि मजकूर न समजणे यांतील अंतर तिने ठळक केले. सबंध मानवजात एका शीर्षकावर विश्वास ठेवून निघाली. मुखपृष्ठ वाचले, पुस्तक वाचले नाही. वाचनाचा व्यवसाय करणाऱ्या आपल्यासारख्यांना ही गोष्ट अस्वस्थ करणारी वाटली पाहिजे.

७. दान देणारा आणि घेणारा

या भागाचा ऐतिहासिक संदर्भ ध्यानात घेतला तर त्याला आणखी एक अर्थ प्राप्त होतो. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिका हा जगातील मोठा दाता देश झाला. १९४८ पासून मार्शल योजनेखाली युरोपला मदत गेली. १९५४ मध्ये अमेरिकेने अन्नधान्याच्या मदतीचा जो कायदा केला, तो आपल्याकडे 'पी. एल. ४८०' या नावाने परिचित आहे. १९५६ मध्ये भारताने त्याखाली करार केला. म्हणजे अमेरिकन प्रेक्षक हा भाग पाहत होता तेव्हा अन्न देणाऱ्याच्या भूमिकेची त्याला सवय झालेली होती. सर्लिंगने त्याला अन्न घेणाऱ्याच्या रांगेत उभे केले. अधिक बलाढ्य, अधिक प्रगत असा कोणी येऊन आपली भूक भागवू लागला तर त्याच्या हेतूविषयी काय समजावे, हा प्रश्न घेणाऱ्या देशांना नवा नव्हता. देणाऱ्या देशाच्या प्रेक्षकाला तो नवा होता.

मराठी वाचकाला येथे वेगळ्या बाजूने प्रवेश मिळतो. १९७२ च्या दुष्काळात परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी खाल्लेली पिढी महाराष्ट्रात आहे. त्या धान्याने माणसे जगली, आणि त्या धान्याविषयी नापसंतीही बोलली गेली. दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. मदत म्हणजे कारस्थान, असा निष्कर्ष यातून काढणे अर्थातच उथळपणाचे ठरेल. सर्लिंगचा भागही तसे म्हणत नाही. तो इतकेच सुचवतो की, घेणाऱ्याने प्रश्न विचारण्याचा हक्क कृतज्ञतेपोटी सोडून देऊ नये.

८. मराठीत हे शीर्षक शक्य आहे काय?

भाषांतराच्या अभ्यासकाला पडणारा स्वाभाविक प्रश्न असा की, हे शीर्षक मराठीत कसे आणावे? 'मानवसेवा' म्हटले तर पाककृती हरवते, 'माणसाचे पदार्थ' म्हटले तर रहस्य पहिल्याच ओळीत फुटते. शब्दश्लेष अननुवाद्य असतो, असा सिद्धान्त सांगून येथे थांबता येईल. पण मराठीचे स्वतःचे शब्द तपासून पाहिल्यास दोन मार्ग दिसतात.

पहिला मार्ग 'सेव्' या संस्कृत धातूचा. सेवा आणि सेवन हे दोन्ही शब्द याच धातूपासून झाले. आज मराठीत सेवा म्हणजे शुश्रूषा, आणि सेवन म्हणजे खाणे-पिणे. औषधाचे सेवन, मद्याचे सेवन असे आपण म्हणतो. 'मानवसेवा' आणि 'मानवसेवन' यांत एकाच अक्षराचे अंतर आहे. अर्धवट वाचलेल्या हस्तलिखितात शेवटचे अक्षर पुसट असेल तर कथा उभी राहू शकते. मात्र हा पाठभेदाचा प्रकार होईल, श्लेषाचा नव्हे.

दुसरा मार्ग 'वाढणे' या क्रियापदाचा आणि तो अधिक समर्थ आहे. वाढणे म्हणजे मोठे होणे, उत्कर्ष पावणे. आणि वाढणे म्हणजे पानात अन्न घालणे. पहिल्या अर्थी ते अकर्मक, दुसऱ्या अर्थी सकर्मक. विध्यर्थात मात्र दोन्हींची रूपे एक होतात. 'माणूस कसा वाढावा' हे शीर्षक पाहा. 'मुलगा कसा वाढावा' या धर्तीवर वाचले तर 'माणूस' हा कर्ता, प्रयोग कर्तरी आणि अर्थ मानवाच्या उत्कर्षाचा. 'भात कसा वाढावा' या धर्तीवर वाचले तर 'माणूस' हे कर्म, प्रयोग कर्मणी, कर्ता अध्याहृत आणि अर्थ पंगतीचा. वाक्य तेच. बदलतो तो केवळ प्रयोग, आणि प्रयोग बदलताच माणूस कर्त्याचा कर्म होतो. या कृतीत मानवजातीच्या वाट्याला नेमके हेच येते, आणि मराठी व्याकरण ते एका क्रियापदाच्या रूपात दाखवू शकते. इंग्रजी शीर्षकात ही सोय नाही. तेथे 'मॅन' हे दोन्ही अर्थी कर्मच राहते.

याशिवाय यानातील बंदिवानाने अन्न घेऊन वजनाने 'वाढावे' ही कानामिटांची इच्छा आहेच. आणि मराठीत नारळ फोडणे किंवा बांगडी फुटणे हे अशुभ उच्चार टाळण्यासाठी नारळ 'वाढवतात', बांगडी 'वाढवतात', हेही विसरता येणार नाही. नाशाला मंगल नाव देण्याची ही रीत शीर्षकातील भयाला आणखी एक पदर देते. श्लेष अननुवाद्य असतो हे विधान म्हणून थोडे बदलून मांडावे लागेल. शब्दश्लेषाचे भाषांतर होत नाही, पण लक्ष्यभाषेत त्याची नवी निर्मिती होऊ शकते. आणि ती निर्मिती मूळ कृतीचा जो अर्थ उजळून दाखवते, तो मूळ भाषेत दिसेलच असे नाही.

९. समारोप

भाग म्हणून मूल्यमापन करावयाचे तर काही उणिवा नोंदवल्या पाहिजेत. लिपिवाचनाची असंभवनीयता वर सांगितलीच आहे. राष्ट्रसंघातील प्रसंग काहीसे पुतळेवजा आहेत आणि पॅटच्या व्यक्तिरेखेला शेवटच्या धावेपलीकडे फारसे अस्तित्व नाही. ग्रिगोरीला वगळल्यामुळे परोपकाराविषयीचा मूळ कथेतील तात्त्विक वाद नाहीसा झाला, हे सर्वांत मोठे नुकसान होय. समारोपाच्या निवेदनात सर्लिंग जेवणाच्याच परिभाषेत मानवाच्या अधोगतीविषयी बोलतो, ते चतुर असले तरी अनावश्यक वाटते.

परंतु त्याआधीचा क्षण मात्र सर्लिंगची स्वतःची निर्मिती आहे आणि माध्यमाची जाण असलेल्या लेखकालाच तो सुचू शकतो. चेंबर्स थेट प्रेक्षकाकडे वळतो. तुम्ही अजून पृथ्वीवर आहात की माझ्याप्रमाणे यानात, याने काही फरक पडत नाही, अशा आशयाचे बोलतो. आणि इतका वेळ नाकारलेले जेवण खाऊ लागतो. छापील कथेचा वाचक एकटा असतो आणि कथेच्या बाहेर असतो. दूरचित्रवाणीचा प्रेक्षक आपल्या घरात, पुष्कळदा जेवणाच्या वेळेच्या आसपास, पडद्यासमोर बसलेला असतो. त्याच्याही समोर कोणी काही वाढतच असते. पडद्यावरचा माणूस त्याच्याकडे पाहून घास घेतो तेव्हा पंगत आणि पान यांतील सीमारेषा पुसट होते.

विज्ञानकथेच्या रूपांतराचा अभ्यास करताना यंत्रे आणि दृश्यचमत्कार यांच्याकडेच लक्ष जाते. 'टु सर्व्ह मॅन' या भागात महत्त्वाचे यंत्र एकच आहे, ते म्हणजे असत्यशोधक यंत्र, आणि ते अचूक काम करते. चुकते ते वाचन. शब्दाचा अर्थ कोशात असतो, पण कोणता अर्थ घ्यावयाचा हे प्रकरण ठरवते. आणि प्रकरण कोणी रचले आहे हे विचारल्याशिवाय वाचन पूर्ण होत नाही. पदव्युत्तर वर्गात भर्तृहरीचे अर्थनियामक शिकवताना सैंधवाच्या उदाहरणाशेजारी हा पंचवीस मिनिटांचा भाग ठेवता येण्यासारखा आहे. सैंधव मागणाऱ्याला मिठाऐवजी घोडा मिळाला तर फार तर हसे होते. येथे एका क्रियापदाचा प्रयोग ओळखता आला नाही म्हणून सारी मानवजात पानात वाढली जाते.